डिस्टिल्ड वॉटरमधलं मीठ

वर्गात कुणी भुताखेताचं बोललं की मी विचारतो, "टेस्ट कोणती केलीस?" असला मी खवचट मास्तर... त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच अवघड वाटतंय.

सोलापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवतो. माझी बायको सुलभाही तिथंच, त्याच लॅबमध्ये शिकवायची. गेल्या उन्हाळ्यात ती कॅन्सरनं गेली.

आमच्या लॅबच्या नळाला बोअरचं खारट पाणी येतं. परीक्षानळी त्यात विसळली की मिठातलं क्लोराइड दाखवणारं सिल्व्हर नायट्रेट टाकताच पांढरं होतं, आणि दिलेल्या क्षारात नसलेलं क्लोराइड पोरं बिनधास्त लिहून मोकळी होतात. म्हणून सुलभाचा नियम होता — आधी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर टेस्ट करायची. ते स्वच्छ राहिलं तरच पुढं जायचं. ती गेल्यावर रोज सकाळचं हे काम माझ्याकडं आलं.

ती गेली तेव्हा मी रडलो नाही. खरं सांगतो, रडू येतच नव्हतं. तेरावा झाला आणि मी कॉलेजला जायला लागलो. आमची एकुलती एक गार्गी बी.एस्सी.ला आहे, तिला ते फार लागलं. आईचं ह्यांना काहीच नाही, असं तिनं मनाशी धरलं. बोलणं बंद केलं, पुण्याला मावशीकडं कायमचं जायचं ठरवून बॅगही भरली. घरात दोघंच उरलो होतो, त्यातली ती निघाली.

त्याच आठवड्यात माझ्या हातातलं डिस्टिल्ड वॉटर पांढरं झालं. बाटली बदलली, ओव्हनमधून काढलेल्या नळ्या घेतल्या, हातमोजे घातले — तरी तळाला दह्यासारखा साका. अमोनियात विरघळला, म्हणजे क्लोराइड. मग सिल्व्हर नायट्रेट न टाकता माझ्या हातानं नळीत घेतलेलं डिस्टिल्ड वॉटर आटवून पाहिलं, तर पांढरी भुकटी उरली. ती तारेवर घेऊन ज्योतीत धरली तर ज्योत पिवळीधमक, म्हणजे सोडियम. थोडक्यात, आपलं खायचं मीठ! शेजारच्या लॅबमधल्या मॅडमनी तीच बाटली घेऊन केलं... काहीच नाही. फक्त माझ्याच हातानं येत होतं.

सांगणार कुणाला? शेवटी गार्गीलाच म्हणालो, जायच्या आधी एकदा लॅबमध्ये ये. आली, तोंड फुगवून. आधी तिनं टेस्ट केली — पाणी स्वच्छ. मग मी केली. थेंब पडला आणि नळी पांढरी झाली. तिनं मला पुन्हा पुन्हा करायला लावलं. मग नळी माझ्या हातातून काढून घेतली.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "किती साठवून ठेवलंय ओ तुम्ही."

भरदुपारी, लॅबच्या स्टुलावर बसून मी ओक्साबोक्शी रडलो. गार्गी माझं डोकं पोटाशी धरून उभी राहिली. बॅग तिनं त्याच संध्याकाळी रिकामी केली.

दुसऱ्या दिवसापासून पाणी स्वच्छ आहे. कुणी म्हणेल घाम, कुणी म्हणेल बाटलीचं झाकण — ते सगळं तपासून झालंय. ते मीठ कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही.

गार्गी आता बोलते, भांडतेसुद्धा. तरी रोज सकाळी लॅब उघडली की मी नळीत थेंब टाकतो आणि वाट बघतो. पाणी तसंच राहतं. टेस्ट बरोबर आली म्हणून मास्तराला बरं वाटायला हवं... पण सुलभा अजून थोडी लांब गेली, एवढंच वाटतं.