शिट्टी झाल्यावर

त्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. ड्यूटी सातची. पाणी भरून, डबा करून तो पायी शेडवर यायचा आणि रात्रपाळीने ठेवलेल्या पहारी एकेक करून तपासायचा. दुसऱ्याने ठेवलेल्या अवजारावर त्याचा भरवसा नव्हता.

पडलेल्या इमारतींतून माणसं काढायची, हे आमच्या दलाचं काम. मी घमेली वाहायचो. तो ऐकायचा.

ढिगावर काम चालू असताना जमादार मधूनमधून शिट्टी मारायचा. शिट्टी झाली की कटर बंद, जनरेटर बंद. दोरीपलीकडे रडणारेसुद्धा तोंडावर हात ठेवायचे. मग हा एकटा हलायचा. फटीत पहार उतरवायची, वरचं टोक दातांत धरायचं, डोळे मिटायचे. खाली कुणी ठोकलं तर दातांत कळतं, म्हणायचा. तो हात वर करील तिथे आम्ही खणायचो. म्हणून त्याचं नाव कानसेन.

"गाण्यातलं कळतं का रे काही?" जमादार चिडवायचा.

"गाणं नाही. ठेका कळतो."

त्याला मोठ्या बहिणीने वाढवलेलं. ती आणि तिची मुलगी एका चौमजली इमारतीत तळमजल्यावर राहायच्या, रस्त्याच्या बाजूला. सुट्टीच्या दिवशी हा तिथे जेवायला. मीही गेलोय.

"जगाचं ऐकतोस, माझं एक ऐक," ताई म्हणायची. "लग्न कर."

"ऐकू येत नाही," हा म्हणायचा आणि आणखी भात मागायचा.

एका सकाळी तीच इमारत बसली. आम्ही पोचलो तेव्हा धूळ हवेतच होती. भाची कामावर गेलेली. ताई घरात.

जमादाराने नेहमीप्रमाणे विचारलं, "दलातल्या कुणाचं कुणी आत आहे का? असेल तर दोरीपलीकडे व्हा." नियमच होता. आपलं माणूस खाली असलं की हात घाई करतात आणि ढीग आणखी बसतो.

कानसेन हातमोजे चढवत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं नाही. मी घमेलं उचललं.

वरचा राडारोडा उपसून झाल्यावर शिट्टी झाली. त्याने रस्त्याच्या बाजूने सुरुवात केली. पहार उतरवली, टोक दातांत धरलं. बराच वेळ तसाच राहिला. मग पहार हातभर सरकवून पुन्हा.

"झोपलास का रे?" जमादार खालच्या आवाजात म्हणाला. "पुढे हो."

तो मागच्या बाजूला गेला. तिथे पहार टेकवली आणि लगेच हात वर केला.

एका वेळी एकच बाजू फोडता येत होती. दोन्हीकडे कटर लावला असता तर हादऱ्याने सगळंच खाली गेलं असतं. मी जवळ जाऊन विचारलं, "नक्की मागेच?"

"मागेच."

"आणि पुढे?"

"पुढे काही नाही. चल, स्लॅब धर."

तो पुढची बाजू दाखवू शकला असता. त्याच्या हातावर कुणी शंका घेत नव्हतं.

दुपार कलल्यावर मागून एक म्हातारा निघाला. पांढराफटक, पण धड. स्ट्रेचरवर घेताच ओरडला, "अरे, माझी चप्पल राहिली!" लोक हसले, टाळ्या वाजल्या. कानसेनने पहार पुसली आणि रस्त्याच्या बाजूला गेला. आम्ही तिकडे सुरुवात केली.

ताई उन्हं उतरताना सापडली. चादर त्यानेच घातली. तेव्हा दोरीपाशी भाचीने हाक मारली, "मामा!" आणि जमादाराला कळलं.

"आधी सांगितलं असतंस तर बाहेर पाठवलं असतं तुला," जमादार म्हणाला.

"म्हणूनच नाही सांगितलं."

भाची रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "आईचा आवाज आला होता?"

"नाही."

"नीट ऐकलंस?"

"हो."

"परत ऐकलंस?"

"दोनदा."

 तिने त्याच्या पाठीवरची धूळ झटकली. गाडीत त्याने डबा उघडला, सगळा खाल्ला, धुऊन ठेवला. मला एक घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने जमादाराकडे घमेलं मागितलं. जमादाराने कारण विचारलं नाही. ऐकायला दुसरा माणूस आला. शिट्टी झाली की कानसेन आमच्यासारखाच जागच्या जागी उभा राहायचा, घमेलं पोटाशी धरून. निवृत्त होईपर्यंत त्याने भरलेलंच घमेलं उचललं, कधी अर्धं नाही.

फंडाचे पैसे मिळाले त्यातून त्याने भाचीसाठी एक खोली घेतली. सुटी, एकमजली, वर पत्रा. मी बघायला गेलो तेव्हा ती पदराने वारा घेत होती.

"काका, तुम्ही तरी सांगा मामाला. दुपारी भट्टी होते इथे. याच पैशात पक्क्या इमारतीत मिळत होती, दुसऱ्या मजल्यावर."

"पंखा लावून देतो," तो म्हणाला. "पत्रा पडला तर एकट्याला उचलता येतो."