झाकणावरची सूचना

टायपिंगमावशींच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याला पायरीवर उभं राहावं लागे. एक संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि मधे मावशी. वीस वर्षं आमंत्रणपत्रिका करून त्यांना फुलवलेल्या, वळणदार अक्षरांचा भारी सोस. साधं अक्षर काय, किराण्याच्या यादीलाही चालतं, असं त्यांचं मत.

एका दुपारी एक आई बारा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. लेक स्वमग्न. तोंडी विचारलं तर सगळं येई. छापील पान दिसलं की "अक्षरं अंगावर पडतात" म्हणून पालथं घाली. सोमवारी शाळेत बाईंसमोर तिनं एक पान स्वतः वाचलं, तर वार्षिक परीक्षा वर्गाबरोबर. नाही तर वेगळ्या खोलीत, वेगळा पेपर.

"एवढंच ना ताई? असं देखणं पान काढते, पोर खाली ठेवणार नाही."

पोरीनं ते पालथं घातलं. मग तिरकं अक्षर झालं, ठळक झालं, "जरा मोठं करून बघा" असं आई दर दोन मिनिटांनी म्हणे म्हणून मोठंही झालं. नववा कागद पालथा पडला तेव्हा मावशींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"बाई गं, तुला हवंय तरी काय?"

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं झेरॉक्सचं झाकण आपटलं.

"झाकण हळू लावा," मुलगी त्याला म्हणाली. "काच फुटेल. घाई असेल तर दुसरीकडे जा."

"अगं, मोठ्यांशी असं बोलतात का?" आई ओशाळली.

मावशी मात्र झाकणाकडे बघत होत्या. गेल्या वर्षी रागाच्या भरात त्यांनी तिथे सूचना चिकटवली होती. नटवायला वेळ कुठला? साधं, एकसारख्या जाडीचं, सुटं सुटं अक्षर. तीन आखूड ओळी, मधे भरपूर जागा. पांढरा कागद संपला होता म्हणून फिकट पिवळा.

"ताई, हिनं ते वाचलं."

"कुणाच्या तोंडून ऐकलं असेल हो."

"इथे वाचतंय कोण? वाचलं असतं तर झाकण आपटलं असतं का?"

मावशींनी पान त्याच अक्षरात, तशाच कागदावर काढलं. मुलीनं ते हातात धरलं. मधल्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाली, "इथे गर्दी आहे." मावशींनी त्याचे दोन केले. मग ती वाचायला लागली, हळू, एका सुरात, शेवटपर्यंत. आईनं तोंड पायरीकडे वळवलं.

सोमवारी संध्याकाळी दोघी पुन्हा आल्या.

"बसतेय. वर्गाबरोबर," आई म्हणाली.

मुलगी दाराबाहेरच उभी होती, दुकानाची वेलबुट्टीदार पाटी बघत. "हे वाचता येत नाही," ती म्हणाली.

"अगं," आई दटावणार, तोच मावशी बाहेर आल्या, चष्मा वर करून पाटी बघितली.

"तरीच," त्या म्हणाल्या, "वीस वर्षं जो तो आत येऊन विचारतो, इथे टायपिंग होतं का?"