शामकलाचा इस्तो

नवेगावच्या बांधाच्या, म्हणजे तलावाच्या, काठी आमचं गाव. त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात शामकला तिथे एकटी आली. वय बावीस. नवऱ्यानं दुसरी आणली होती आणि बाप म्हणे, परत नांदायला जा. ती कुठेच गेली नाही. मुरमुरे भाजायची कढई आणि एक गाठोडं घेऊन केशोराव पाटलांकडे आली. पाण्याजवळचा रिकामा गोठा मागितला.

पाटील म्हणाले, पोळ्यापर्यंत राहा. तोवर गावातल्या एका तरी घराशी तुझं देणंघेणं जमलं तर ठीक, नाही तर आपली वाट धर.

विस्तवाला आमच्याकडे इस्तो म्हणतात. काडीपेटी जपायची आणि सकाळी शेजारून गोवरीवर इस्तो आणायचा, ही रीत. जिथे इस्तो मागावा ते घर आपलं. शामकला पहिल्याच सकाळी चार घरी गेली. चारही घरी चूल विझल्याचं सांगितलं. चारही घरांवर धूर होता. त्यांत आमचंही घर होतं, याची मला आजही लाज वाटते. नावं ठेवण्यात तर आमच्या गावाचा हात धरणारं कोणी नव्हतं.

ती पुन्हा मागायला आली नाही. काडी ओढून तिनं चूल पेटवली आणि रोज राखेखाली इस्तो झाकून जिवंत ठेवला. मुरमुरे बाजारात विकायची. आम्ही पोरी ते आवडीनं खायचो, पण आमच्या आया तिच्याशी बोलत नसत.

पोळ्याच्या सकाळी बैल धुवायला सगळा गाव बांधावर जमला होता, पाटीलसुद्धा. शामकला गोठ्याच्या दारात गाठोडं बांधत होती. घरी आमची चूल धडधडत होती. माझी आई, अनुसयाबाई, बराच वेळ जाळाकडे बघत बसली. मग उठली, गोवरी घेतली आणि सगळ्यांच्या देखत गोठ्याशी गेली. मी तिच्या मागे.

"इस्तो देतेस का वो शामकला? आमची चूल इझली."

शामकलानं राख सारून सगळ्यात मोठा निखारा आईच्या गोवरीवर ठेवला. मग गाठोडं सोडायला बसली.

पाटलांनी शब्द पाळला. पुढे इतर घरंही हळूहळू वळली. साठ साली माझ्या लग्नात मुरमुऱ्याचे लाडू तिनंच वळले. वळता वळता ती आईला म्हणाली, "बाई, पोळ्याच्या दिवशी तुमच्या घरावर धूर निघून राहिला होता. मले दिसत होता. तुमचे उपकार या जन्मात फिटत नाही."

आईचा हात थांबला. "पहिल्या दिवशीबी निघून राहिला होता, शामकला."

शामकलानं हातातला लाडू आईच्या तोंडात घातला आणि तिला पुढे बोलू दिलं नाही.