जपानी रुसवा

कळसच्या समस्त ग्रामस्थांना, तसेच कामधंद्यासाठी परमुलखात जाऊन बसलेल्या सर्व लेकी-लेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जपानी भाषेत रुसता येते. हे मी स्वतः करून पाहिले आहे, आणि मला ते कळंबच्या आत्याने शिकवले.

शिकवणी झाली बारामतीच्या एसटी स्टँडावर. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी जपानला निघाले होते आणि घरचे सगळे टेम्पो करून पोचवायला आले होते. आत्या मात्र बाकड्यावर आमच्याकडे पाठ करून बसलेली. आमच्यात आनंदाची बातमी पहिल्यांदा आत्याला सांगायची असते, आणि माझा पासपोर्ट आल्याचं तिला पिठाच्या गिरणीत शेजारणीकडून कळलं होतं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यापुढे चहा ठेवला. तिने कप बोटभर लांब सारला. पदर खांद्यावर ओढला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "एवढी आले मी कळंबवरनं, तरी..."

आणि थांबली. तिचं हे वाक्य पुढे कधीच जात नसे. उरलेलं ऐकणाऱ्याने शरमेने पुरं करायचं.

कंडक्टर जाणता माणूस. म्हणाला, "आधी आत्याबाईंचा रुसवा काढा, मग बेल मारतो." ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी पाया पडले, विनवण्या केल्या. दुसरा कपही परत गेला. तिसरा तिने बशीत ओतून भुरका मारला, तेव्हा कुठे गाडी हलली.

जपानमध्ये वर्षभर भाषा शिकायची आणि शेवटी तोंडी परीक्षा द्यायची. पास झालं तर कारखान्यात दुभाष्याची नोकरी, नाहीतर परतीचं विमान. सगळं सुरळीत चाललं होतं, ते 'पश्चात्ताप आणि नाराजी' या धड्यापर्यंत. जपानीत अशा वाक्यांना शेवटी शेपटी लागते; 'केलं असतं तर बरं झालं असतं' याची शेपटी वेगळी, 'एवढं करूनही...' याची वेगळी. मला सगळ्या शेपट्या पाठ. पण आमच्या शिक्षिका मोरिताबाई नकारार्थी मान हलवायच्या. म्हणायच्या, "वाक्य बरोबर आहे, पण तुमचं काही बिघडलेलं दिसत नाही."

बिघडलं नव्हतंच हो! नळाला गरम पाणी, वीज कधी जात नाही, ट्रेन घड्याळ लावावं अशी. मी उठल्यापासून झोपेपर्यंत खूश. नाराज व्हावं तरी कशावर?

परीक्षेत मला लांबून आलेली पाहुणी व्हायचं होतं, आणि परीक्षक होते मला बोलावून विसरलेले यजमान. त्यांनी हसत खराखुरा चहा पुढे केला. माझ्या सगळ्या शेपट्या गळून पडल्या. डोळ्यांपुढे परतीचं विमान.

आणि हात आपोआप खांद्याकडे गेला. स्वेटरला कुठला पदर, तरी ओढला. कप बोटभर सारला. भिंतीकडे बघत म्हणाले, "सेक्काकु किता नोनी..." म्हणजे, एवढी आले, तरी...

आणि थांबले.

परीक्षकांचे कान लाल झाले. उठून ते कमरेत वाकले, माफी मागितली, नवा चहा ओतला. मी तोही सारला. दुसरे परीक्षक नुसते गुण द्यायला बसले होते. त्यांनी पेन टाकून घाईघाईने बिस्किटांची बशी पुढे केली. मग मी तिसरा कप घेतला. बशीत ओतायचा मोह तेवढा आवरला.

पास झाले. दारातच मोरिताबाई उभ्या होत्या. त्यांना सांगितलं तर त्यांनी लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या.

आता माझं घर कुठलं, असं लोक विचारतात. पत्ता मी इथला, जपानचाच देते. माझी भांडी, माझी झाडं, माझी माणसं इथेच आहेत. पण घराची माझी खूण निराळी. आपली बातमी उशिरा कळली म्हणून जिथे कुणीतरी पाठ करून बसतं, ते घर.

ही खूण मला पास झाले त्याच दिवशी पटली. कळंबला आत्याच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन लावला, तिला बोलावून घेतलं आणि पदरापासून टाळ्यांपर्यंत सगळं रंगवून सांगितलं. तुझ्यामुळे पास झाले, म्हणाले. ती इतकी हसली की दुकानातली गिऱ्हाइकंही हसायला लागली. मग तिने पदर खांद्यावर ओढला असणार. फोनमध्ये बांगड्या वाजल्या.

"थांब. म्हंजे त्या मास्तरीणबाईला माज्या आधी कळलं व्हय?"