ज्यांना खबर लागायला हवी होती

सासरे वारले त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा तलाठ्याच्या कार्यालयात गेले. आमचं गाव ब्रह्मपुरीपासून थोडं आत, धानाच्या पट्ट्यात. सातबाऱ्यावरचं सासऱ्यांचं नाव काढून वारसांची नावं चढवायची होती. तलाठी नवीन बदलून आलेला, तरुण, बोलायला गोड. त्यानं मला खुर्ची दिली.

"मुलगा एकच का त्याईले?"

"हो. माझे मालक."

"मंग त्याईले घेऊन या. सही लागते."

"ते नाईत."

"वारले? मंग मृत्यूचा दाखला जोडा."

"दाखला नाई आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "असं कसं चालन बाई? एक त दाखला आणा, नाई त माणूस आणा."

त्याची काही चूक नव्हती. त्याला ठाऊकच नव्हतं. पण मी उठले आणि बाहेर येऊन हातपंपाजवळ उभी राहिले. दोन्हीपैकी एकही गोष्ट माझ्याजवळ नव्हती.

माझे मालक मोबाईल टॉवरचं काम करायचे. कंपनीच्या ठेकेदाराकडे होते, कायम नव्हते. भामरागडकडच्या जंगलातले टॉवर त्यांच्याकडे होते. जनरेटरला डिझेल घालायचं, बॅटऱ्या बघायच्या. पावसाळ्यात तिकडची वाट तुटते, गावंच्या गावं तुटतात, आणि नेमके तेव्हाच टॉवर बंद पडतात. मी ब्रह्मपुरीत एका शाळेत शिकवायची, मुलगी नुकती चालायला लागली होती. ते महिन्यातून एकदा घरी यायचे. रोज संध्याकाळी फोन असायचा. आधी आईला, मग मला. आईला आधी, हा नियम त्यांनी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवला होता.

सासरे वारले त्याच्या पाचेक वर्षं आधी, एका संध्याकाळी फोन आला नाही. पाऊस होता, आम्ही समजून घेतलं. दुसऱ्या दिवशीही आला नाही. मग ठेकेदाराचा माणूस आला आणि म्हणाला की गाडी सापडली आहे. एका नाल्याच्या अलीकडे, स्टँडवर उभी. गाडीला काही झालेलं नव्हतं. माणूस तेवढा नव्हता. पाणी उतरल्यावर गावातल्या माणसांनी काठानं दूरपर्यंत शोधलं, पोलिसांनी शोधलं. सासरे स्वतः जाऊन आले. आल्यावर ते जेवायला बसले आणि ताटाकडे बघत राहिले. त्यानंतर त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत. मरेपर्यंत नाही.

कोणीच पाहिलं नव्हतं, हीच सगळी अडचण होती. कोणी पाहिलं असतं तर ते मेले असते. पाहिलं नाही म्हणून ते बेपत्ता होते, आणि बेपत्ता माणूस सरकारच्या लेखी जिवंत असतो. आमच्या रेशनकार्डावर ते होते. मतदारयादीत होते. निवडणुकीच्या वेळी त्यांच्या नावाची मतदानाची चिठ्ठी घरी आली, तेव्हा सासूबाईंनी ती घडी करून डब्यात ठेवली.

तलाठ्याकडून आल्यावर मी ठरवलं की दाखला काढायचाच. शाळेला सुट्टी लागली तशी मी भामरागडकडे, त्या नाल्याकाठच्या गावाला गेले. मृत्यूची नोंद जिथं मृत्यू झाला तिथल्या ग्रामपंचायतीत होते, एवढं मला कळलं होतं. ग्रामसेवकाला पत्र्याच्या शेडमध्ये गाठलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोणत्या काठावर?"

मला प्रश्न कळला नाही.

"नाल्याच्या इकडं आमची ग्रामपंचायत आहे, तिकडं दुसरी. कोणत्या काठाले गेले ते?"

"पाण्यात गेले," मी म्हणाले.

तो हळूच म्हणाला, "बाई, मी नोंद नाई करू शकत. बॉडी नाई, डॉक्टरचा कागद नाई. तुमी पोलिसात जा, पंचनाम्याची नक्कल मागा. आन वकील करा."

पोलीस ठाण्यात अर्ज लिहून दिला. 'हरवलेल्या व्यक्तीच्या नोंदीची आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची नक्कल मिळावी.' कारण म्हणून काय लिहायचं ते सुचेना. शेवटी 'घरगुती कामाकरिता' असं लिहिलं. तिथल्या हवालदारानं आठ दिवसांनी यायला सांगितलं, मी गेले. जुनं कपाट दुसऱ्या खोलीत हलवलं होतं, पुन्हा यायला सांगितलं. मी पुन्हा गेले. बसनं आलापल्लीपर्यंत, पुढे जीपनं, गुडघ्यावर पिशवी धरून. तिसऱ्या खेपेला तो मला पाहताच म्हणाला, "भेटला बाई तुमचा कागद." आनंदानं म्हणाला बिचारा. मीही हसले. आपण कशासाठी हसलो, हे जीपमध्ये बसल्यावर कळलं.

पंचनामा मी जीपमध्येच वाचला. एक पान होतं. पंचांसमक्ष नाल्याच्या उत्तरेस काळ्या रंगाची मोटारसायकल स्टँडवर उभी दिसून आली. किल्ली लावलेली नाही. हँडलला कापडी पिशवी, त्यात स्टीलचा डबा, रिकामा व धुतलेला. उजव्या बाजूचा आरसा नाही.

आरसा मीच तोडला होता. ब्रह्मपुरीच्या बाजारात मी गाडी शिकायचा हट्ट केला आणि ती भाजीच्या हातगाडीवर घातली. भाजीवाली शिव्या देत होती आणि हे मागे बसून हसत होते. नवा आरसा बसवा म्हटलं की म्हणायचे, "राहू दे, तुझी आठवण आहे थे." कोणा अनोळखी पोलिसानं, पावसात, उभ्या उभ्या ते लिहून ठेवलं होतं. आणि किल्ली लावलेली नाही, म्हणजे किल्ली ते सोबत घेऊन गेले. पाणी किती आहे ते बघून परत येणार होते. डबा धुतला होता. जेवून, डबा धुऊन, किल्ली खिशात टाकून माणूस पाणी बघायला जातो, मरायला नाही. जीपमधल्या बाया मला पाणी देत होत्या. एकीनं माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

वकिलीणबाई गडचिरोलीच्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की सात वर्षं पूर्ण होईपर्यंत कोर्ट मृत्यू मानत नाही. अजून दोन पावसाळे थांबावं लागेल. "आणि नुसती सात वर्षं नाही," त्या म्हणाल्या, "ज्यांना त्यांची खबर लागायला हवी होती, त्यांना ती लागली नाही, असं सिद्ध व्हावं लागतं."

"म्हणजे कोणाला?"

"तुम्हाला. त्यांच्या आईला."

आम्ही थांबलो. दर संध्याकाळी सासूबाईंचा फोन चार्जिंगला लागलेला असायचा. त्या दुसऱ्या कोणाचा फोन घेत नसत. एकच हिरवं बटण लेकानं शिकवलेलं.

दावा लागला तेव्हा आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागली. फोटोसह. सदर इसम कोणास आढळल्यास कळवावे. ते पान सासूबाईंनी शेजारणीला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. "आता पेपरात आलं, कोणी न कोणी त पाह्यलंच असन," त्या म्हणत होत्या. मी त्यांना सांगू शकले नाही की ही नोटीस मालकांना शोधण्यासाठी नाही, ते सापडत नाहीत हे लिहून घेण्यासाठी आहे. पंधरा दिवस त्या ओट्यावर बसून राहिल्या. शेवटी कोणीही आलं नाही आणि आमचा दावा पक्का झाला.

साक्षीच्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं. कोर्टात त्यांना पिंजऱ्यात उभं राहावेना, म्हणून जजसाहेबांनी स्टूल दिलं. साहेबांनीच विचारलं, "आजी, या वर्षांत मुलाची काही खबर आली?"

"नाई साहेब."

"कोणाकडून निरोप? फोन?"

"नाई. पर साहेब, फोन आला असता त पयले मलेच आला असता. तो आधी मले लावते."

साहेबांनी खाली बघून लिहिलं. वकिलीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांच्या दृष्टीनं साक्ष फार चांगली झाली होती.

निकाल मिळाला. त्याची नक्कल घेऊन मी पुन्हा त्या शेडमध्ये गेले. ग्रामसेवक दुसरा होता. कोर्टाचा कागद असल्यामुळे काठाचा प्रश्न निघाला नाही. दाखला मिळाला, तो मी तलाठ्याला दिला, फेरफार झाला, शेत सासूबाईंच्या आणि आम्हा मायलेकींच्या नावावर चढलं. कामं सगळी झाली.

पण दाखला घरी आणला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "वाच."

मी नाव वाचलं. वडिलांचं नाव, आईचं नाव. मग मृत्यूची तारीख वाचली.

"ही त यंदाची तारीख आहे," त्या म्हणाल्या.

"कोर्टात अर्ज केला त्या दिवसाची आहे, आई. खरी तारीख कोणालेच माहीत नाई, म्हणून कायद्यानं थेच धरतात."

"म्हणजे सरकार म्हणते, तो येवढे वर्स जित्ता होता?"

"कागदावर, आई."

त्यांनी दाखला हातात घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी शिक्क्यावरून बोट फिरवत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जित्ता होता त घरी काऊन नाई आला?"

मी मुलांना शिकवते. कितीही अवघड प्रश्न आला तरी काहीतरी उत्तर द्यायची मला सवय आहे. मी आत गेले आणि भाताचं आधण ठेवलं.

त्याच वर्षी पितृपक्षात आम्ही मार्कंड्याला गेलो, सासूबाई, मी आणि मुलगी. तिथी माहीत नसली तर अमावस्येला करतात, असं पुजारी म्हणाले. वैनगंगा भरून वाहत होती. मुलीला वडिलांचा चेहरा फोटोतूनच ठाऊक. तिनं सांगितल्याप्रमाणे ओंजळीतून पाणी सोडलं आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर केलं का म्हणून. सासूबाई पायरीवर उभ्याच होत्या. पाण्यात उतरेनात.

"त्या नाल्याचं पाणी इथी येते का?" त्यांनी विचारलं.

"नाई आई. थे तिकडं इंद्रावतीले जाते."

"मंग इथी काय करून राह्यलो आपण?"

मी सांगितलं की ही नदीही खाली जाते आणि तीही खाली जाते, सिरोंचाच्या बाजूला दोन्ही गोदावरीला मिळतात. त्यांनी ऐकलं. पाण्याकडे बघितलं, ते जात होतं त्या दिशेनं बघितलं.

"लय दूर आहे," त्या म्हणाल्या. मग लुगडं जरा वर धरून, माझ्या खांद्याचा आधार घेत, एक पायरी खाली उतरल्या.