भावाला वाचून दाखवलेली गोष्ट

जळगावातलं माझं पाइप-मोटारींचं दुकान मी कुणाच्या मेहेरबानीवर उभं केलेलं नाही. सातवीनंतर थोरल्या भावाने मला शाळेतून काढलं आणि केळीच्या बागांमधून सौदे करायला फिरवलं, ते मी अजून विसरलेलो नाही. त्याला आम्ही नाना म्हणतो.

लिहायला लागलो तेव्हा माझ्या कथांमधली माणसं पुस्तकातल्यासारखी बोलत. एका कथेत सासर सोडून आलेल्या बहिणीला भाऊ म्हणतो, "या घराची दारं तुझ्यासाठी बंद झाली आहेत." कथावाचनाला नाना पहिल्या रांगेत होता. त्याने टाळ्या वाजवल्या. बाहेर चहा पिताना चार लोकांना सांगितलं, "आमना धाकला लिखस." मी घरी येईपर्यंत धुमसत होतो. ती बहीण आमचीच होती. कथा ज्याला लागायला हवी होती, तोच कौतुक करत होता.

कारण नाना असलं काही बोललाच नव्हता. आमची अक्का सासरहून, दोंडाईच्याहून पिशवी घेऊन गावी आली, ओट्यावर बसली, आता परत जात नाही म्हणाली. नाना शांतपणे म्हणाला, "जेवी ले. सांजनी गाडी शे." ती जेवली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. तीन महिन्यांनी सासरच्या विहिरीत सापडली.

मी कथा पुन्हा लिहिली आणि ते वाक्य जसंच्या तसं घातलं. एका मासिकाच्या संपादकांचा फोन आला.

"छान आहे, पण एवढं प्रमाण भाषेत करू या का?"

"जेवण आणि गाडी. यात न कळण्यासारखं काय आहे?"

मी एवढा आवाज चढवला की त्यांनीच माघार घेतली. बदल्यात मी पावसाचे दोन उतारे सोडून दिले. चांगले होते, पण पुस्तकी होते, माझ्या बोलीतले नव्हते.

हे नानाच्या कानावर कसं गेलं, मला कळलं नाही. एका दुपारी तो दुकानात आला. समोर दोन गिऱ्हाइकं होती, तरी खुर्ची ओढून बसला.

"मी बोलनू ते लिखं तू. त्या दिन तू कोठे व्हता?"

"ओट्यावरच."

"मंग? बोलना का काही?"

"नाही."

"केळीना एक घडसाठे दिनभर भांडस तू," तो हसत म्हणाला. "अन् बहिनसाठे?"

मी गिऱ्हाइकांचं बिल लिहायला घेतलं. जाताना तो म्हणाला, "रविवारले घर ये. वाचीसन दाखाड. मंग छाप."

त्या आठवड्यात मी कथेत एक वाक्य वाढवलं: 'तिच्या ताटात भाकरी मी वाढली.' ते लिहायला मला चार दिवस लागले.

रविवारी दुपारी नानाच्या ओसरीत त्याचे दोन मोठे मुलगे बसले होते. मी कागद काढले तसं एकाने उठून दाराला कडी लावली. मी वाचत गेलो. अक्का ओट्यावर बसली तिथे आत भावजयीच्या हातातलं काम थांबलं. नानाचं वाक्य वाचलं, मग माझं.

"तुनं वाक्य ऱ्हाऊ दे," नाना म्हणाला. "मनं काढ."

आयुष्यभर मी सौदे केले. हाही सौदाच होता, आणि त्यात नुसती भाकरी वाढणारा भाऊ म्हणून मला सगळ्यांसमोर भला माणूस ठरता आलं असतं.

"दोन्ही ऱ्हातीन, नाना."

त्याने मुलाला कडी काढायची खूण केली. मी कागद घेऊन बाहेर पडलो.

अंकात दोन्ही वाक्यं आहेत. अंक निघाल्यापासून नानाचे मुलगे रोज सकाळी दुकानासमोर मोटारसायकल लावून बसतात. काही मागत नाहीत. मी गल्ल्यावर बसून पुढची कथा लिहितो, आणि ते मला लिहिताना पाहतात.