कोणाचा हात साफ?

माझ्या आत्यानं माझ्याशी बोलणं टाकलं त्याला आता दोन वर्षं होतील. दांडी गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. सकाळी ती अंगण झाडत माझ्या दारापर्यंत येते आणि तिथून परत फिरते. असं का झालं ते मी कोणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायचं तर स्वतःबद्दल बरंच वाईट बोलावं लागेल, आणि ज्या माणसाकडे मी नोकरी करत होते त्याच्याबद्दल त्याहून वाईट. दोन्हीला आता माझी तयारी आहे.

बोईसर स्टेशनजवळ एका इमारतीत दोन खोल्यांचं ऑफिस होतं. तिथून एक वेबसाइट चालायची. मोबाइलवर मासळी निवडायची, ती साफ होऊन घरपोच यायची. मालक आधी कारखान्यांना खोकी पुरवायचा. मासळीतलं त्याला काही कळत नव्हतं. हलवा माशाला तो ‘काला पापलेट’ म्हणायचा. मी कोळ्याची पोर, पालघरच्या कॉलेजात शिकलेली, मोबाइलवर हात चालणारी, म्हणून त्यानं मला कामावर ठेवलं. काम एकच : सोशल मीडियावरून लोकांना साइटवर आणायचं.

मी मन लावून केलं. ‘ओळखा पाहू हा मासा’ अशी कोडी टाकली. रंगीत चक्र केलं, ते बोटानं फिरवलं की सूट मिळायची. बोंबील कसा सोलायचा, त्याचे रील केले. लोक अंगठे द्यायचे आणि निघून जायचे. साइटवर येऊन आपला मोबाइल नंबर कोणी टाकत नव्हतं.

मालक रोज सकाळी माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा आणि आकडा बघून चुकचुकायचा. एके दिवशी म्हणाला, “लोकांना बघायचं नसतं, बाई. त्यांना बाजू घ्यायची असते. दोन माणसं समोरासमोर उभी कर. मत द्यायला लाव. आणि मत फक्त साइटवर.”

त्या दोन बायका मी सुचवल्या. त्यानं नाही, मी.

बोईसरच्या बाजारात माझी आत्या मासळी विकते. तिच्या शेजारी एक काकी बसायची. माहेर सातपाटी, सासर नवापूर. वीसेक वर्षं दोघी एका ओळीत बसत. एकीचा बर्फ संपला की दुसरी न विचारता आपल्यातला सरकवायची. एकीला उठावं लागलं तर दुसरी दोन्ही पाट्या सांभाळायची. दोघींचा हात असा चालायचा की परप्रांतातले कारखान्यातले कामगारसुद्धा बघत उभे राहत. मी मोबाइल घेऊन गेले तेव्हा आत्या हसली. “काय गो, आज आमचे फोटो?”

“ऑफिसला हवेत,” मी म्हणाले. एवढंच. मतदानाचा शब्द काढला नाही, कारण काढला असता तर ती नको म्हणाली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

काकीनं पदर नीट केला, मला बसायला रिकामी पेटी दिली आणि विचारलं, “माजा हात नीट दिसतोय ना?” दोघींनी एकेक सुरमई कापून दाखवली. मी दोन रील केले, शेजारी शेजारी लावले. वर नाव मालकानं दिलं : ‘कोणाचा हात साफ?’

पहिल्याच दिवशी साइटवर झुंबड उडाली, आणि मतं आत्याकडे झुकली. मालकानं सगळ्यांना वडापाव मागवले. मीही खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून खाली लोक लिहू लागले. आधी मासळीबद्दल लिहीत होते, मग बायकांबद्दल. आत्याच्या अंगाबद्दल, काकीच्या दातांबद्दल, दोघींच्या वासाबद्दल. आमच्या जातीबद्दलही लिहिलं, ते मी इथे लिहिणार नाही. लिहिणारे कुठले कोण, मासळी विकत घेणारे तरी होते की नाही, देव जाणे. घाण असेल ते मी पुसत बसले. मालक म्हणाला, “पुसू नको. लोक वाचायला थांबतात.”

तिसऱ्या दिवशी काकीच्या रीलखाली कोणीतरी लिहिलं, ‘या बाईची मासळी चार दिवसांची असते. पावडर मारते. माझा मुलगा आजारी पडला.’ दुपारपर्यंत त्या ओळीचा फोटो बोईसरमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होता.

पुढचं मी आत्याच्या तोंडून ऐकलं, कारण तेव्हा ती अजून बोलत होती. दुसऱ्या दिवशी काकीची नेहमीची गिऱ्हाइकं समोरून निघून गेली. एका बाईनं पापलेट उचललं, नाकाला लावलं आणि सगळ्यांसमोर परत टाकलं. काकीला कारण कळेना. शेवटी फुलवाल्यानं तिला मोबाइलवर वाचून दाखवलं. ती आत्याकडे वळली. “तुज्या भाचीनं आमाला उभं केलं, आनि मत तुला. मग हे कोनी लिवलं?”

“मला काय ठावं? मला वाचता येतं का?” आत्या म्हणाली.

“तुला नाय येत. तुज्या घरात येतं.”

काकीनं पाटी उचलली आणि बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला, गटाराजवळ जाऊन बसली. आत्या भर उन्हात माझ्या ऑफिसखाली आली. वर आली नाही, हाक मारून मला खाली बोलावलं. “तू लिवलंस?”

“नाही गं आत्या.”

“मग कोन हाय तो, बघ. तुज्याच मोबाइलात हाय ना?”

मी वर जाऊन बघितलं. लिहिणाऱ्याचं नाव साधंसुधं होतं, फोटो केळव्याच्या सुरूच्या झाडांचा. तो फोटो मी काढला होता. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मालकानं मला तीन खोटी खाती उघडायला लावली होती. पहिल्या दोन-चार कमेंट आपल्याच असल्या की लोकांची भीड चेपते, म्हणून. त्यातलंच हे एक. पासवर्ड आम्हा दोघांकडेच होता, मालकाकडे आणि माझ्याकडे.

मी त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले. “सर, ती पावडरची कमेंट आपल्या खात्यावरून आहे.”

“मग?”

“तिचा धंदा बसला.”

त्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि मंदबुद्धी पोराला समजावतात तसं मला समजावलं. “तिचा बसला तर ती गिऱ्हाइकं कुठे जातील? आपली साइट कशाची आहे? मासळीचीच ना?”

मी जागेवर येऊन मतदान काढून टाकलं. मग दोन्ही रील काढले. मग माझी कोडी, माझं चक्र, बोंबील, सगळं एकेक करून. त्याला कळेपर्यंत पान रिकामं झालं होतं. तो ओरडला, पोलिसांत देतो म्हणाला, माझ्या बापाचा उद्धार केला. “जरूर द्या,” मी म्हणाले. “तिथे पावडरचंही सांगते.” मी पिशवी उचलून जिना उतरले. पुढे त्यानं कोणा दुसरीला कामावर ठेवलं, आणि साइट अजून चालते.

त्याच संध्याकाळी मी बाजारात जाऊन काकीला सगळं सांगितलं. आत्याही उठून आली होती. मी रडत होते, आणि त्या रडण्याचा मला आज राग येतो, कारण मला वाटलं होतं त्यानं काही भागेल.

काकीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “माज्या कानात काय सांगतंस? तेव्हा जगाला सांगितलंस ना? आता बी जगाला सांग.”

तिथेच उभं राहून मी माझा व्हिडिओ केला. ही कमेंट खोटी आहे, आमच्याच ऑफिसातून लिहिली गेली, या बाईंना न सांगता मी त्यांना स्पर्धेत उभं केलं. तो मोजक्या लोकांनी पाहिला, त्यातले बरेच आमच्या गावचे. सोसायट्यांच्या ग्रुपवर मी हातापाया पडून तो टाकायला लावला. एका बाईनं त्याखाली लिहिलं, ‘आग असल्याशिवाय धूर कुठला?’ बाकी कोणी काही लिहिलं नाही.

आत्या आणि मी एकाच टेम्पोनं घरी आलो. दारात ती वळली. “मला इचारलं असतंस तर मी नाय बोल्ले असते. म्हनून इचारलं नायस.” हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

काकी गटाराजवळच बसते. काही गिऱ्हाइकं परत आली, सगळी नाही. तिच्या जुन्या जागी आता प्लास्टिकच्या बादल्यांचा ढीग असतो. मी तारापूरच्या एका कारखान्यात हजेरीचं काम बघते. गेल्या आठवड्यात सुट्टी होती म्हणून धीर करून काकीसमोर जाऊन उभी राहिले. ताजे बोंबील होते. माझ्यामागून आलेल्या तिघांना तिनं दिले. मग पाटीत हात घालून बर्फ सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुला नाय इकायचे. सर बाजूला, गिऱ्हाईक उबं हाय.”

मी बाजूला सरले.